पर्यटकाचे बेदर, यात्रेकरूचे गाणगापूर

परदेशी पाहुणा आपल्या देशाविषयी काय बोलून गेला, याची उत्सुकता आपल्याला नेहमीच फार असते. तो स्तुती करून गेला की आपण फुशारून जातो. नाक मुरडून गेला की त्याच्या शिष्टपणावर बोट ठेवतो. २००२ साली केंद्र सरकारने ‘अतुल्य भारत’ ही घोषणा जगापुढे ठेवली. राज्ये मागे राहिली नाहीत. कर्नाटकाने ‘एक राज्य, अनेक जगे’ असे आपले वर्णन केले. या अनेक जगांपैकी एक आमचे, म्हणजे बीदर आणि कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांचे. विकसनशील देश पाहुण्याला जे कबूल करतो ते त्याच्या पदरात खरोखर पडते काय, हा प्रश्न आग्रा-जयपूरच्या मळलेल्या वाटेवर तपासण्यात अर्थ नाही. तेथे पाहुण्यांच्या पैशावर सगळी व्यवस्था उभी राहिली आहे. तो तपासायचा तर आमच्यासारख्या आडबाजूच्या मुलखात तपासावा.

आमच्या मुलखात या प्रश्नाचे एक उत्तर साडेपाचशे वर्षांपूर्वीच लिहून झाले आहे. अफानासी निकितिन हा रशियातील त्वेर शहराचा व्यापारी १४७० च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि तेथून तो बहमनी राजधानी बेदरला आला. बरोबर एक घोडा होता. तो त्याने बेदरमध्ये विकला. आळंदची जत्रा त्याने वर्णिली, सुलतानाच्या वाड्याचे सात दरवाजे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करणारे तेथले लेखनिक वर्णिले. पण त्याची मुख्य तक्रार वेगळीच होती. या देशात सर्व प्रकारचा माल विपुल मिळतो असे त्याला वाटेत सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात आपल्या देशी नेण्याजोगे काही नाही, आपल्याला खोटे सांगितले गेले, असे त्याने सरळ लिहून ठेवले. त्याच लिखाणात त्याने आणखी एक गोष्ट टिपली. सरदार ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यातील माणसे अगदी दरिद्री आहेत. जाहिरात आणि वस्तुस्थिती यांतील अंतर मोजणारा हा आमच्या भागाचा पहिला परदेशी टीकाकार. त्याला शिष्ट म्हणण्याचीही सोय नाही, कारण तो आलिशान निवास शोधत आला नव्हता. पोटासाठी आला होता.

जाहिरात मात्र त्याच्याही आधीची आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. हिंदूंच्या वारसाहक्काचे खटले ज्या ग्रंथाच्या आधारे शतकानुशतके चालले, तो हा ग्रंथ. त्याच्या शेवटी विज्ञानेश्वर कायदा बाजूला ठेवतो आणि कल्याणसारखे नगर नाही, विक्रमादित्यासारखा राजा नाही, असे मुक्तकंठाने सांगतो. काश्मीरचा बिल्हण याच दरबारात आला आणि त्याने याच राजाचे काव्य लिहिले. आजच्या बसवकल्याणच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या माणसाला हे शब्द सांगितले तर तो आजूबाजूला पाहून हसेल. पण विज्ञानेश्वराने खोटे लिहिले असे आम्ही म्हणणार नाही. त्याने आपल्या ओळखीच्या नगराविषयी ओळखीच्या वाचकाला लिहिले होते. आजची पत्रके ज्या नगराची ओळखच नाही त्याविषयी, ज्याची ओळख होणारच नाही अशा वाचकाला लिहिली जातात, आणि खरी अडचण येथे आहे.

राज्यकर्त्यांचा या भागाकडे पाहण्याचा दृष्टिकोनही दुहेरी. २००८ साली राज्याची शाही रेल्वेगाडी, सुवर्णरथ, सुरू झाली. म्हैसूर, हंपी, बदामी, गोवा अशी तिची वाट ठरली; आमचे जिल्हे तिच्या वाटेवर नव्हते. २०१२ साली संसदेने घटनेत कलम ३७१ जे घालून हैदराबाद-कर्नाटकाचे मागासलेपण मान्य केले आणि त्यासाठी खास तरतूद केली. २०१९ साली या भागाचे नाव कल्याण-कर्नाटक झाले. त्याच वर्षी कलबुर्गीला आणि २०२० साली बीदरला प्रवासी विमान उतरले. सेवा कधी चालू, कधी बंद, अशी दोन्हीकडची कथा. अनुदान मागताना मागास आणि पाहुणे बोलावताना अतुल्य, असे एकाच प्रदेशाला एकाच वेळी व्हावे लागते. यात कोणी लबाडी करतो असे नाही. दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या नस्त्या असतात आणि त्या एकमेकींना भेटत नाहीत, हे आम्ही नोकरीच्या काळात पुरेसे पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष बीदर. जांभ्या दगडाच्या पठाराच्या काठावर किल्ला उभा आहे. खंदक तिहेरी, आणि तोही जांभा खोदून, मधे दगडाचे कणे शिल्लक ठेवून केलेला. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वलीने गुलबर्ग्याहून राजधानी येथे हलवली. बहमनी गेल्यावर बरीदशाही आली. सोळा खांबी मशीद, गगन महाल, तख्त महाल ही नावे पत्रकात असतात आणि पर्यटक ती वाचून येतो. त्याला दिसतात ऊन, गवत, पडक्या भिंती आणि एक पाटी. पाटीवर कन्नड, हिंदी व इंग्रजीत सनावळी व मापे. रंगीन महालात काळ्या दगडात जडवलेले शिंपल्यांचे चमकदार नक्षीकाम आहे आणि कोरीव लाकडी खांब आहेत. अली बरीदशहाच्या कारकिर्दीतले, म्हणजे १५४२ ते १५८० या काळातले हे काम दख्खनमध्ये अजोड मानावे असे आहे. त्याच्या दाराला आम्ही गेलो तेव्हा बहुधा कुलूपच असे. किल्ली कोणाकडे आहे हे ज्याला ठाऊक, त्याने ती मागितली तर ती मिळते. ज्याला ठाऊक नाही तो बाहेरून भिंत पाहून परततो आणि बीदरमध्ये विशेष काही नाही असे चारचौघांत सांगतो. तो खोटे बोलत नाही. निकितिनप्रमाणेच त्यालाही माल दाखवलाच गेला नाही.

महमूद गवानच्या मदरशाची गोष्ट याहून बोलकी आहे. इराणातील गिलानहून आलेल्या या वजिराने १४७२ साली खुरासानी धर्तीची तीन मजली विद्यापीठवजा इमारत बेदरात बांधली. नऊ वर्षांनी, १४८१ साली, बनावट पत्राच्या आधारे त्याला सुलतानाने ठार करवले. पुढे औरंगजेबाच्या अमलात तेथे दारूगोळा ठेवला गेला आणि स्फोटात निम्मी इमारत उडाली. आज एक मनोरा उभा आहे, निळ्या-हिरव्या फरश्यांचे तुकडे अंगावर घेऊन. समरकंदचा रेगिस्तान ज्यांनी चित्रात पाहिला असेल त्यांना ही त्याच घराण्यातली इमारत आहे हे कळेल. सोव्हिएत काळात समरकंदच्या इमारतींची मोठी डागडुजी झाली आणि त्या पुन्हा झळकू लागल्या. गवानचा मदरसा तसा झळकवावा असे सुचवणारे अधूनमधून भेटतात. आम्हाला ते मान्य नाही. ज्याचा एक मनोरा शिल्लक आहे, त्याचा दुसरा मनोरा का नाही, हे सांगणारी माणसे मिळाली की ती रिकामी जागाच पाहण्याजोगी होते. तो एक मनोरा, ती अर्धी भिंत आणि एका बनावट पत्राची कथा यांपुढे नवीन फरश्या काय करणार?

येथे आमच्या मुद्द्याला हात घालतो. बीदरमध्ये पर्यटकाचा विरस होतो तो दगडांमुळे नव्हे, रस्त्यांमुळेही मुख्यतः नव्हे. रस्ते आता पुष्कळ बरे आहेत. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग हुमनाबादवरून जातो, आणि दररोज हजारो मराठी माणसे त्या वळणावरून बीदरकडे न वळता पुढे जातात. विरस होतो कारण पाहणाऱ्यापाशी कथा नसते. चित्र पाहून आलेल्या माणसाची अपेक्षा चित्राएवढी असते, आणि चित्र उन्हात, घामात, कुलपापुढे टिकत नाही.

हे खरे की खोटे ते ताडून पाहण्यासाठी दूर जायला नको. कलबुर्गी जिल्ह्यात, भीमा-अमरजा संगमावर, गाणगापूर आहे. कोणत्याही शाही गाडीच्या वाटेवर ते नव्हते. पुण्या-मुंबईची, सोलापूर-कोल्हापूरची माणसे तेथे वर्षभर लोटतात. खोली मिळेल तशी, जेवण मिळेल तसे, रांग असेल तेवढी. इतकेच नव्हे, घरी चार माणसांना जेवू घालण्याची ऐपत असलेला गृहस्थ तेथे दुपारी झोळी घेऊन दारोदार माधुकरी मागतो, कारण श्रीनृसिंह सरस्वती दुपारच्या भिक्षेला गावात येतात अशी श्रद्धा आहे. आतिथ्याचा एवढा उलटा व्यवहार जगातल्या कोणत्याही पर्यटन खात्याला सुचला नसता. परत जाताना या गृहस्थाला गाणगापूर कसे वाटले असे विचारले तर तो सोयीगैरसोयीविषयी बोलत नाही. त्याची अपेक्षा चित्राने घडवलेली नाही; ती पोथीने घडवली आहे. निर्गुण पादुका, संगम, औदुंबर, अष्टतीर्थे ही सर्व ठिकाणे त्याने घरी बसून, सप्ताह करून, आधीच पाहिलेली असतात. तो ओळख पटवायला येतो.

गंमत अशी की त्याच पोथीत बेदरही आहे. गुरुचरित्र मराठी ओवीत लिहिणारा सरस्वती गंगाधर स्वतः कन्नडभाषी. परंपरा त्याला आळंद तालुक्यातील कडगंचीशी जोडते. कृष्णेत नौकाविहार करणारा राजा पाहून ज्या रजकाच्या मनात राजवैभवाची इच्छा आली, तो पुढील जन्मी वैदुरानगरीत, म्हणजे बेदरात, यवन राजा झाला. त्याच्या मांडीला स्फोटक उठला. तो गाणगापुरी आला आणि बरा झाला. मग गुरूंनी त्याच्या नगरीस जावे म्हणून त्याने विनवले, आणि ते पापविनाशी तीर्थावर त्याला भेटले. हे पापनाश आजही बीदरात आहे. दामाजीपंतांचे आख्यानही तसेच. मंगळवेढ्याला दुष्काळात धान्याची कोठारे लुटवली, बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले आणि विठू महाराने बादशहापुढे पैसे ओतून पावती घेतली. ही कथा न ऐकलेला मराठी माणूस आमच्या पिढीत तरी नव्हता. म्हणजे मराठी माणसाच्या मनात बेदर आहे, चांगले शे-पाचशे वर्षांचे आहे. किल्ल्यातील दिवाणखान्याच्या अवशेषांपुढे उभे राहून दामाजीचे नाव घेतले तर त्याला पाटीची गरज पडणार नाही. इतिहासाच्या कसोटीला ही आख्याने उतरतील की नाही हा वेगळा वाद आहे. पाहण्याची इच्छा इतिहासाने क्वचितच निर्माण होते. इतिहास ती इच्छा पुढे शुद्ध करतो. पण ज्या पत्रकांतून आमच्या भागाला बोलावणे धाडले जाते, त्यांत ना दामाजी दिसला, ना रजक. आणि मराठी प्रवासवर्णनानेही, हिमालयापासून युरोपपर्यंत हिंडून आल्यावर, शेजारच्या या दोन जिल्ह्यांसाठी फारशी शाई खर्च केलेली नाही.

यावरून गाणगापूर आदर्श आणि बीदर अपयशी असा निष्कर्ष कोणी काढू नये. यात्रेकरूच्या सोशिकपणाची किंमत कोणीतरी मोजतच असते. तो तक्रार करत नाही, म्हणून संगमावर टाकलेली वस्त्रे, निर्माल्य आणि प्लॅस्टिक यांची तक्रारही कोणी करत नाही. बायकांना कपडे बदलायला आडोसा नसला तर ती तीर्थाची रीत मानली जाते. पंढरपुराहून वाहत आलेली भीमा उन्हाळ्यात येथे आक्रसते, आणि त्या पाण्यात स्नान करणारा डोळे मिटून डुबकी घेतो. पर्यटक निदान नाक तरी मुरडतो. विकसनशील देशाला दोन्ही प्रकारचे पाहुणे मिळाले आहेत. एक सर्व क्षमा करतो, दुसरा काहीच क्षमा करत नाही. आणि व्यवस्था सुधारण्यासाठी दोघांमधला जो हवा, प्रेमाने येणारा व हक्काने मागणारा, तो आमच्याकडे अजून थोडाच आहे.

पैसा कोठे जातो ते पाहिले तरी हेच दिसते. बसवकल्याणला २०१२ साली १०८ फूट उंचीचा बसवेश्वरांचा पुतळा उभा राहिला. २०२१ साली नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली. योजना ५०० कोटी रुपयांची. बसवेश्वरांविषयी आमच्या मनातील आदर कोणाहून कमी नाही, आणि कष्टकऱ्यांना शब्द देणाऱ्या त्या सभेचे स्मारक व्हावे हेही रास्त. परंतु तेथून फार दूर नसलेल्या जलसंगवीच्या मंदिरावर एक दगडी तरुणी उभी आहे. ती विक्रमादित्याची प्रशस्ती दगडावर लिहीत आहे. लिहिणारी स्त्री, बाराव्या शतकाच्या आसपासची, हातात लेखणी. देशातल्या कोणत्याही साहित्य संस्थेने आपल्या मुखपृष्ठावर मिरवावी अशी ही मूर्ती. तिच्यापर्यंत जाणारा पाहुणा आम्हाला एकेकटाच भेटला आहे.

कनगनहळ्ळीचे उदाहरण तर अधिक बोचणारे. चितापूर तालुक्यात सन्नतीला चंद्रलांबेचे देऊळ आहे. अनेक मराठी व कन्नड कुटुंबांची ही कुलदेवता. १९८६ साली तेथील कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचे शिलालेख सापडले. पुढे जवळच्या कनगनहळ्ळीत उत्खननात महास्तूप निघाला आणि त्यात एक शिल्पपट, ज्यावर ब्राह्मीत ‘राया अशोको’ असे कोरलेले आहे. अशोकाची नावानिशी ओळख पटलेली मूर्ती आमच्या जिल्ह्यात आहे, आणि ती व तिच्यासोबतची शिल्पे बरीच वर्षे उघड्यावर, तात्पुरत्या छपराखाली पडून राहिली. अलीकडे पुरातत्त्व खात्याने तेथे जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले आहे, हे चांगलेच झाले. कलबुर्गी शहराबाहेर २००९ साली उद्घाटन झालेला बुद्धविहार मात्र पहिल्या दिवसापासून गजबजलेला आहे. बाग आहे, सावली आहे, स्वच्छता आहे, बसायला जागा आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. माणसांना काय हवे असते ते तेथे कोणीतरी ओळखले.

आणि माणसांचा प्रश्न निघालाच आहे तर कलबुर्गीच्या किल्ल्याविषयी लिहिलेच पाहिजे. आत १३६७ सालची जामी मशीद आहे. दख्खनमधील मशिदींना असते तसे उघडे पटांगण तिला नाही. संपूर्ण वास्तू छताखाली, आणि आत कमानींमागे कमानी. स्पेनमधील कोर्दोव्हाच्या मशिदीशी तिची तुलना करण्याचा प्रघात आहे. तिच्याभोवती, किल्ल्याच्या तटाच्या आत, कित्येक कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली. न्यायालयापर्यंत वाद गेला. कायदा स्मारकाच्या बाजूने आहे हे आम्हाला माहीत आहे, आणि कायदा राबवण्यातच आमची हयात गेली. तरीही पर्यटकाच्या छायाचित्रात कपडे वाळत घातलेली दोरी येऊ नये, एवढ्यासाठी कोणाचे घर उठत असेल, तर निकितिनने टिपलेले सरदार आणि दरिद्री रयत यांचे चित्र फारसे बदललेले नाही. त्या कुटुंबांतील चार तरुणांना किल्ला दाखवण्याचे शिक्षण व वेतन देण्याची टिपणी कोणत्या नस्तीत असल्यास ती आम्हाला वाचायला आवडेल.

बिदरी कारागिरांचेही असेच. जस्त सोळा भाग, तांबे एक भाग, असा तो धातू. त्यावर चांदीची तार ठोकायची आणि किल्ल्यातील जुन्या मातीच्या लेपाने धातू काळाभोर करायचा. ऊन-पाऊस न लागलेली माती लागते. जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. २००६ साली या कलेला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले, २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. पाहुण्याने परत नेण्याजोगे काहीतरी बेदरला आहे, हे निकितिनला आज दाखवता आले असते. परंतु हैदराबादच्या दुकानात ती सुरई विकत घेणाऱ्याला किल्ल्यातील माती आणि सुरईचा काळा रंग यांचा संबंध कोणी सांगितलेला नसतो, आणि म्हणून तो घासाघीस पितळेच्या भावाने करतो.

अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत, शहरापासून तीन-चार किलोमीटरवर. अहमदशहा वलीच्या घुमटात आत सोनेरी व रंगीत चित्रकाम आहे, पण अंधार. आम्ही गेलो तेव्हा तेथल्या राखणदाराने दारात उभे राहून आरशाने उन्हाचा कवडसा आत टाकला आणि एकेक वेल, एकेक अक्षर उजळत नेले. हा सुलतान लिंगायतांना अल्लमप्रभूंच्या रूपात पूज्य आहे. त्याच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातील मड्याळहून जंगम येतो. त्याच्यावाचून उरूस होत नाही. राखणदाराने हे सगळे सांगितले, हिंदी, कन्नड आणि थोडे मराठी मिसळून. कोणत्याही दिवाबत्तीच्या योजनेत हा आरसा बसणार नाही, कारण दिव्यांची संख्या नस्तीत लिहिता येते, कवडशाची लिहिता येत नाही.

२९ ऑक्टोबर २०१७ रोजी बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला. गाणगापूर रोड स्थानक कलबुर्गीहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे. म्हणजे दत्तदर्शन करून परतणाऱ्या मराठी भाविकाने मनात आणले तर दुसऱ्या दिवशी तो बेदरात असू शकतो, वाटेत हुमनाबादला माणिकप्रभूंचे माणिकनगर घेऊन. त्यासाठी सरकारकडे काही मागायचे कारण नाही. दामाजीचे आख्यान, रजकाची कथा, पापनाश, मदरसा आणि रंगीन महालाची किल्ली कोठे मागायची ते सांगणारी सोळा पानांची मराठी पुस्तिका आमच्यासारख्या मंडळाला सहज काढता येईल. गाणगापूरच्या पोथ्यांच्या दुकानात ती गुरुचरित्राशेजारी ठेवावी, किंमत दहा रुपये.